ऐकूं येतें, पण समजत नाहीं

ज्यांच्या घरच्या माळ्यावर मोडी कागदांचीं दप्तरें आहेत, त्यांनीं एक गोष्ट पाहिली असेल. मोडी लिहिणारा कारकून प्रथम कागदावर आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखालीं एकामागून एक अक्षरें जोडीत जाई. शब्द कोठें संपला आणि दुसरा कोठें सुरू झाला, याची खूण तो सहसा ठेवीत नसे. जुन्या पोथ्यांची स्थितीही बहुतेक अशीच. वाचणाऱ्यानें आपल्या समजुतीनें शब्द तोडावयाचे. आजच्या शाळकरी मुलास ही मोठीच गैरसोय वाटेल. पण आपण दिवसभर जें बोलतों आणि ऐकतों, तें सारें या मोडी पत्रासारखेंच असतें. बोलण्यांत शब्दाशब्दांमध्यें मोकळी जागा नसते.

या विधानावर एकदम विश्वास बसणें कठीण आहे, कारण आपणांस तर शब्द सुटे सुटे ऐकूं येतात. परंतु बोलण्याच्या लाटांचें चित्र यंत्रावर काढून पाहिलें तर निराळाच प्रकार दिसतो. ‘गरम आमटी वाढ’ या वाक्यांत ‘गरम’ व ‘आमटी’ यांच्यामध्यें तसूभरही खंड नसतो. उलट ‘पट्टा’ या एकाच शब्दाच्या पोटांत, जीभ टाळूला टेकून राहते त्या क्षणीं, पूर्ण शांतता असते. म्हणजे जेथें खंड हवा तेथें तो नाहीं आणि जेथें नको तेथें आहे. ‘मी नाचतें’ असें एकादी मुलगी म्हणाली, तर पहिलीं दोन अक्षरें ऐकून होईतों ‘मीना’ हें नांवही कानांवर आलेलेंच असतें. तरी ‘मीना चतें’ असें कोणी ऐकीत नाहीं. ‘आई, लाडू दे’ यांतही ‘आईला’ हा शब्द पुरा होऊन जातो. परंतु पुढच्या ‘डू’बरोबर मन तो खोडून टाकतें, आणि खोडल्याचा पत्ताही लागूं देत नाहीं. ज्यांस तामीळ येत नाहीं त्यांनीं ती भाषा बोलणारा ऐकावा. तो फार भरभर, एका श्वासांत बोलतो असा भास होतो. तो कांहीं आपल्याहून भरभर बोलत नसतो. त्याच्या बोलण्यांत शब्द कोठें तोडावे हें आपल्या मनास ठाऊक नसतें, एवढेंच.

ही अडचण आपल्याकडील वैदिकांस चांगली परिचयाची होती. ऋग्वेदाचा जो अखंड म्हटला जाणारा पाठ तो संहितापाठ, आणि संधि सोडवून एकेक पद वेगळें म्हणून दाखविणें हा पदपाठ. ऋग्वेदाच्या पदपाठाचें कर्तृत्व परंपरा शाकल्याकडे देते. अखंड ध्वनींतून पदें बाहेर काढणें हें स्वतंत्र शास्त्रीय काम आहे आणि त्यांत मतभेद होऊं शकतात, हें त्या काळीं ओळखलें गेलें होतें. गंमत अशी कीं, ज्या कामास तेथें शाकल्यासारखा विद्वान लागला, तें आपल्या घरांतील दीड वर्षाचें मूल लाडवाच्या डब्याकडे हात करून सहज उरकतें.

नुसते शब्दच एकमेकांस चिकटलेले असतात असें नाहीं. शब्दांतील वर्णही तसेच असतात. हें कळलें तें एका फसलेल्या उद्योगामुळें, आणि ती हकीगत थोडी विस्तारानें सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धांत डोळे गमावलेल्या सैनिकांसाठीं वाचनयंत्र तयार करावें, असें काम १९४४ सालीं अमेरिकेंतील हास्किन्स प्रयोगशाळेनें हातीं घेतलें. कल्पना साधी होती. यंत्रानें छापील ओळीवरून फिरावें, प्रत्येक अक्षरासाठीं एक ठराविक सूर काढावा, आणि ऐकणाऱ्यानें ते सूर ओळखीत पुस्तक वाचावें. आंधळ्या माणसाचे कान तीक्ष्ण. थोड्या सरावानें त्यास हें जमलेंच पाहिजे, असें कोणालाही वाटेल. पण तें जमलें नाहीं. नाना तऱ्हेचे सूर योजून पाहिले, माणसांस पुष्कळ शिकविलें, तरी वाचनाची गति तारमास्तराच्या कडकट्टापलीकडे जाईना. गति वाढविली कीं सगळे सूर मिळून एक घरघर ऐकूं येई.

मग प्रश्न असा पडला कीं, साधारण बोलण्यांत सेकंदास दहा-पंधरा वर्ण सहज निघून जातात, त्यांची घरघर कां होत नाहीं? आल्विन लिबरमन, फ्रँकलिन कूपर व त्यांचे सहकारी यांनीं पुढील कित्येक वर्षें या एका प्रश्नावर घालविलीं. कूपर यांनीं एक अपूर्व यंत्र केलें. पारदर्शक पट्टीवर ध्वनीचें चित्र रंगाच्या कुंचल्यानें काढावें, आणि ती पट्टी यंत्रांतून फिरवितांच तें चित्र बोलूं लागावें! अशा रीतीनें चित्रांतील एकेक रेघ पुसून वा वळवून कानास काय कळतें तें पाहतां आलें. त्यांतून निघालें तें असें. ‘दी’ आणि ‘दू’ या दोहोंत आपणांस एकच ‘द्’ ऐकूं येतो. परंतु पट्टीवर पाहावें तर ‘दी’मध्यें ज्या रेघेनें ‘द्’ची ओळख पटते ती वर चढत जाते आणि ‘दू’मध्यें खालीं उतरत जाते. दोहोंत सारखा असा ‘द्’चा तुकडा कापून काढूं म्हटलें तर सांपडत नाहीं. वर्ण हे माळेंतील मण्यांसारखे एकापुढें एक ओवलेले नसतात, तर वेणीच्या पेडांसारखे एकमेकांत गुंफलेले असतात. आरशासमोर उभें राहून ‘सीता’ आणि ‘सून’ हे शब्द म्हणून पाहावे. ‘सून’ म्हणतांना ‘स्’ उच्चारला जात असतांच ओठ पुढच्या ‘ऊ’साठीं गोल झालेले दिसतील. एका क्षणांत दोन वर्णांची बातमी कानांस पोंचते, म्हणूनच बोलणें इतकें वेगानें चालतें. आपल्या बाराखडीनें व्यंजन आणि स्वर यांची गांठ एकाच अक्षरांत बांधून ठेविली आहे. रोमन लिपीपेक्षां ती या बाबतींत बोलण्याच्या वस्तुस्थितीस अधिक जवळ आहे, असें आम्हांस वाटतें.

कानाच्या रचनेसंबंधीं शाळेच्या पुस्तकांत पुष्कळ असतें, म्हणून येथें थोडक्यांत सांगतों. पडदा हालतो, त्याच्या मागच्या तीन चिमुकल्या हाडांची सांखळी हालते, आणि तें हालणें शंखासारख्या वेटोळ्याच्या नळींतील पाण्यांत उतरतें. ही नळी उलगडली तर सुमारें ३५ मिलिमीटर भरेल. तिच्यांत बाजाच्या पेटीच्या पट्ट्यांसारखी व्यवस्था आहे. दाराजवळचा भाग बारीक, तीव्र स्वरांस दाद देतो आणि शेवटच्या वेटोळ्यांतला भाग खर्जाच्या स्वरांस. या विषयावरील संशोधनाबद्दल गेओर्ग फॉन बेकेशी यांस १९६१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. लाटेचें रूपांतर मज्जातंतूच्या संदेशांत करणाऱ्या सूक्ष्म केंसांच्या मुख्य पेशी एका कानांत अवघ्या साडेतीन हजारांच्या आसपास असतात, आणि मनुष्याच्या ठिकाणीं एकदां गेलेली पेशी पुनः उगवत नाहीं. पक्ष्यांच्या कानांत त्या पुनः येतात असें १९८८ सालीं दिसून आलें; कोंबडीस जें साधतें तें आपणांस साधत नाहीं! दाराजवळच्या पेशी तीव्र स्वरांच्या, एवढें मात्र वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

कानानें आपलें काम चोख केलें तरी समजणें निराळें राहतें. जर्मन वैद्य कार्ल वेर्निके यांनीं १८७४ सालीं असे रोगी वर्णन केले कीं, ज्यांस आवाज ऐकूं येई, ज्यांचें बोलणेंही अस्खलित चाले, पण दुसऱ्यानें बोललेलें समजत नसे; मेंदूच्या डाव्या बाजूस कानाच्या मागील भागांत त्यांस इजा झालेली होती. ऐकणारा कान आणि समजणारें मन यांच्यामध्यें बरेंच काम चालतें, आणि त्यांतील मोठा वांटा तर्काचा असतो. तर्क हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे. १९७० सालीं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वॉरन यांनीं एका ध्वनिमुद्रित वाक्यांतील एक ‘स्’ कापून काढला व त्या जागीं खोकल्याचा आवाज बसविला. वीस जणांस तें वाक्य ऐकविलें. एकोणीस जणांनीं एकही वर्ण गळलेला नाहीं असें सांगितलें; विसाव्यानें गळलेला म्हणून भलताच वर्ण दाखविला! खोकला त्यांनीं ऐकला, पण तो कोठें आला हें नेमकें सांगतां येईना. जो ‘स्’ नव्हताच तो त्यांनीं स्पष्ट ऐकला होता.

याच्या उलट बाजूचा प्रयोग पोलॅक व पिकेट यांनीं त्याआधींच्या दशकांत केला होता. माणसांच्या सहज संभाषणांतील एकेक शब्द कापून सुटा ऐकविला, तर ऐकणारांस त्यांतील सुमारें अर्धेच ओळखतां आले. आपण इतके मोघम बोलतों! समोरचा समजून घेतो, तें मागच्यापुढच्या शब्दांच्या आधारावर. डोळेही या कामांत सामील असतात. हॅरी मॅक्‌गर्क व जॉन मॅक्‌डॉनल्ड यांनीं १९७६ सालीं दाखविलें कीं, पडद्यावरील बाई तोंडानें ‘ग’ म्हणत असावी आणि तिच्या ओठांशीं जुळवून आवाज मात्र ‘ब’चा ऐकवावा, तर पुष्कळांस ‘द’ ऐकूं येतो. डोळे मिटले कीं लगेच ‘ब’. ही लबाडी आगाऊ सांगून ठेविली तरी अनुभव बदलत नाहीं.

आपल्या नैयायिकांनीं वाक्यार्थाचें ज्ञान होण्यास तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत: आकांक्षा, योग्यता आणि संनिधि. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह ज्यांनीं लहानपणीं घोकला असेल त्यांस हीं नांवें तोंडपाठ असतील. एका पदास दुसऱ्याची अपेक्षा असली पाहिजे; त्यांच्या अर्थांचा मेळ बसला पाहिजे, अग्नीनें शिंपडण्याची आज्ञा कोणी केली तर अर्थबोध होत नाहीं; आणि पदें लागोपाठ आलीं पाहिजेत, एक सकाळीं व दुसरें दुपारीं अशीं नव्हेत. आमच्या पूर्वजांस सारें आधींच ठाऊक होतें, अशी जी एक खोड अलीकडे जडली आहे, तीस खतपाणी घालण्याचा आमचा हेतु नाहीं. नैयायिकांचा प्रश्न ऐकलेल्या पदांतून अर्थ कसा निघतो हा होता. पदच कसें ऐकूं येतें, हा नव्हता. तरी या तीन गोष्टींचा उपयोग अर्थाच्याही आधीं, ऐकण्यांतच होतो, असें आजचे प्रयोग पाहून म्हणावेंसें वाटतें. जॉर्ज मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५१ सालीं गोंगाटांत शब्द ऐकविले, तेव्हां सुट्या शब्दांपेक्षां वाक्यांत आलेले तेच शब्द कितीतरी अधिक ओळखूं आले. मागील शब्दांनीं जी आकांक्षा उत्पन्न केली तिनें कानास हात दिला.

आतां मूल हें कोठून शिकतें? येथेंही जुन्या शास्त्रकारांचें एक चित्र मोठें मनोरम आहे. एक वडील माणूस दुसऱ्यास गाय आणावयास सांगतो. तो गाय आणतो. पुढें गाय बांधावयास व घोडा आणावयास सांगतो, तसें होतें. जवळ बसलेलें मूल पाहत असतें आणि कोणता शब्द काढला व कोणता घातला म्हणजे काय बदलतें, यावरून अर्थ उमगतें. यास ते वृद्धव्यवहार म्हणत. मुलास कोणी मुद्दाम शिकवीत नाहीं. मोठ्यांचें आपापसांतील बोलणें हीच त्याची शाळा. एकत्र कुटुंबाच्या ओसरीवर बसल्यावांचून असलें उदाहरण कोणास सुचेल असें वाटत नाहीं.

त्या चित्रांत मुलास शब्द सुटे ऐकूं येतात असें गृहीत धरलें आहे. त्याच्या मागची पायरी जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲस्लिन व एलिसा न्यूपोर्ट यांनीं १९९६ सालीं उजेडांत आणली. आठ महिन्यांच्या बालकांस त्यांनीं अर्थहीन तीन-तीन अक्षरांचे बनावट शब्द यंत्राच्या एकसुरी आवाजांत, कोठेंही न थांबतां, केवळ दोन मिनिटें ऐकविले. तेवढ्यांत बालकांस कळून चुकलें कीं, कांहीं अक्षरें नेहमीं एकमेकांमागून येतात आणि कांहींची गांठ क्वचित् पडते. आपलें बाळही पाळण्यांत पडल्यापडल्या असाच हिशेब करीत असलें पाहिजे. ‘बा’च्या मागून ‘ळा’ वारंवार येतो. पण ‘ळा’च्या मागून आज ‘झोप’, उद्यां ‘ऊठ’, परवां ‘दूध’. जेथें पुढचें अक्षर सांगतां येईनासें होतें तेथें शब्दाची शीव.

दुसरी गोष्ट याहून आश्चर्याची आहे, आणि तिच्यांत आपल्याकडील भाषा साक्षीला आहे. ‘त’ आणि ‘ट’ यांतील भेद इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसास ऐकूं येणें फार कठीण जातें. कॅनडांतील जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनीं हिंदीमधील हा भेद इंग्रजी घरांतील बालकांस ऐकविला. त्यांचे निष्कर्ष १९८४ सालीं प्रसिद्ध झाले. आवाज बदलतांच मान वळविली तर खेळणें दिसावें, अशी योजना होती. सहा ते आठ महिन्यांचीं बहुतेक सारीं बालकें तो भेद ओळखीत. दहा ते बारा महिन्यांच्या बालकांपैकीं फारच थोडीं. हिंदी बोलणाऱ्या घरांतील त्याच वयाच्या मुलांस मात्र तो उत्तम ओळखूं येई. म्हणजे मूल पहिल्या वर्षांत कांहीं मिळवितें तसें कांहीं सोडूनही देतें. जें घरांत कोणी बोलत नाहीं तें ऐकण्याची खटपट तें थांबवितें. पुढें मोठेपणीं तें पुनः शिकतां येतें; मात्र मेहनत पडते. परदेशीं वाढलेलीं आपलीं नातवंडें ‘टाळी’ला ‘ताली’ म्हणतात तेव्हां आजीनें त्यांस हसूं नये. त्यांची जीभ अडखळते ती पुष्कळदां कानामुळें.

अशा नातवंडांसाठीं गाण्यागोष्टींचीं मुद्रणें पाठविण्याचा प्रघात आहे. त्याविषयीं सिॲटलच्या पॅट्रिशिया कूल यांचा २००३ सालचा प्रयोग आईबापांनीं अवश्य ध्यानांत घ्यावा. इंग्रजी घरांतील नऊ महिन्यांच्या बालकांपुढें चिनी माणसांनीं बारा बैठकींत खेळत, पुस्तकें दाखवीत आपली भाषा बोलावी; दुसऱ्या गटानें तेंच सारें चित्रपडद्यावर पाहावें; तिसऱ्यानें केवळ आवाज ऐकावा. प्रत्यक्ष माणसांत बसलेल्या मुलांनीं चिनी भाषेतील ध्वनिभेद उचलला. पडद्यावरून व आवाजावरून शिकलेलीं मुलें, जीं मुळींच कांहीं ऐकलीं नव्हतीं त्यांच्या बरोबरीसच राहिलीं. मुलाच्या पाहण्याकडे पाहणारें, त्याच्या हुंकारास उत्तर देणारें माणूस लागतें. दूरध्वनीवर समोरासमोर होणारें बोलणें यांत अगदींच वर्ज्य नाहीं. दोन ते अडीच वर्षांचीं मुलें अशा बोलण्यांतून नवे शब्द शिकतात, मुद्रित चित्रांतून शिकत नाहींत, असें २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत दिसलें. तेव्हां आजीनें मुद्रण पाठविण्यापेक्षां नातीच्या सवडीनें दहा मिनिटें तिच्याशीं बोलावें हें उत्तम.

घरांत आयुष्याच्या दुसऱ्या टोकास जें बसलेलें असतें, त्याच्याकडे आतां वळूं. ‘मला ऐकूं येतें, पण समजत नाहीं,’ ही वडील मंडळींची तक्रार ज्या घरांत नाहीं असें घर विरळा. ऐकूं येतें तर समजत कां नाहीं, असा प्रतिप्रश्न तरुण मंडळी करतात, आणि बहुधा त्यांत थोडा संशय असतो. वस्तुतः ही तक्रार शास्त्रदृष्ट्या अगदीं तंतोतंत आहे. वय वाढलें म्हणजे प्रथम निकामी होऊं लागतात त्या नळीच्या दाराजवळच्या पेशी, तीव्र स्वरांच्या. बोलण्यांतील ‘आ’, ‘ओ’, ‘ऊ’ हे स्वर मुख्यतः खालच्या सप्तकांत असतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ या वर्णांची सळसळ सेकंदास चार हजार कंपनांच्या आसपास व त्याहूनही वर असते. स्वरांनीं आवाज पोंचतो, व्यंजनांनीं शब्द ओळखतां येतो. आजोबांस आवाज पुरा पोंचतो. त्यांतील व्यंजनें गळतात. ‘साठ’मधील ‘स्’ गळला कीं ‘आठ’ राहतात. ‘सून’चें ‘ऊन’ होतें. ‘ताट’, ‘पाट’ आणि ‘काठ’ हे सारखेच वाटूं लागतात. मग उरलेल्या सांगाड्यावर मन तर्क बांधतें, आणि तो तर्क चुकला कीं सारें घर हसतें.

‘आजोबांस सोयीचें तेवढें बरें ऐकूं येतें!’ हा आरोपही असाच अन्यायाचा आहे. दुपारीं स्वयंपाकघरांत निवांतपणीं, समोर बसून बोललेलें त्यांस कळतें, कारण तेथें गोंगाट नाहीं, ओठ दिसतात आणि विषय ठाऊक असतो. रात्रीं पंगतीस आठ माणसें एकदम बोलत असतां, भांडीं वाजत असतां, तेंच त्यांस कळत नाहीं. तरुण मनुष्य गलक्यांतून एक आवाज निवडून त्याच्यामागें जाऊं शकतो. कॉलिन चेरी यांनीं या शक्तीचा अभ्यास १९५३ सालीं प्रथम पद्धतशीर केला. म्हातारपणीं हीच शक्ति आधीं क्षीण होते. आणखी एक नाजूक गोष्ट अशी कीं, लहान मुलांचे आवाज बारीक. बायकांचेही पुरुषांहून बारीक, त्यांतून मर्यादेमुळें हलके. म्हणून मुलाचें बोलणें कळतें आणि सुनेचें कळत नाहीं, असें होतें. सुनेस वाटतें, मामंजी आपल्याकडे लक्ष देत नाहींत. मामंजींस वाटतें, सूनबाई पुटपुटते. दोघांचाही दोष नसतां वर्षानुवर्षें मन खट्टू राहिल्याचीं उदाहरणें वाचकांच्या माहितींत असतील.

मग घरचे ओरडूं लागतात. ओरडण्यानें स्वर मोठे होतात. ‘स्’ आणि ‘त्’ त्या प्रमाणांत मोठे होत नाहींत. चेहरा वेडावांकडा होऊन ओठांवरून कळण्याची सोयही जाते. शिवाय अशा कानाचा एक विचित्र धर्म आहे. हळू आवाज मुळींच ऐकूं येत नाहीं, आणि थोडा वाढविला कीं तो एकदम कर्कश वाटूं लागतो. ‘काय म्हणालास? मोठ्यानें बोल,’ आणि लगेच ‘ओरडतोस कशाला? मी कांहीं बहिरा नाहीं,’ हीं दोन वाक्यें एकाच माणसाच्या तोंडून एकापाठोपाठ येतात तीं लहरीपणामुळें नव्हेत. त्या दोहोंच्या मधली जागाच त्याच्या कानांत अरुंद झालेली असते.

दिवसभर तर्कानें बोलणें भरून काढणें हें श्रमाचें काम आहे. संध्याकाळपर्यंत माणूस थकतो. पुढें पुढें बैठकींतून उठून आपल्या खोलींत जाऊन बसूं लागतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानें नेमलेल्या मंडळानें २०२० सालच्या अहवालांत, बुद्धिभ्रंशाच्या ज्या कारणांवर उपाय करतां येण्याजोगा आहे त्यांत मध्यम वयांतील श्रवणदोषास मोठें स्थान दिलें. ऐकूं न येण्यानें बुद्धिभ्रंश होतोच असा याचा अर्थ नाहीं. परंतु ‘वयच झालें, आतां काय करावयाचें’ असें म्हणून सोडून देण्याची ही बाब नव्हे, एवढें त्यावरून नक्की ठरतें.

उपाय बरेचसे घरांतलेच आहेत. बोलण्यापूर्वीं नांव घेऊन हांक मारावी आणि उजेडांत, समोर येऊन बोलावें. पाठमोरें किंवा दुसऱ्या खोलींतून बोलूं नये. दूरदर्शन व मिक्सर बंद करावा. किंचित् सावकाश, पण नेहमींच्या आवाजांत बोलावें. विषय आधीं सांगावा: ‘बँकेचें सांगतोंय’ एवढें म्हटलें कीं पुढचे अर्धे शब्द आकांक्षेनेंच कळतात. एकदां कळलें नाहीं तर तेंच वाक्य तिसऱ्यांदा मोठ्यानें म्हणण्यापेक्षां शब्द बदलावे. ‘साठ’ कळत नसेल तर ‘पन्नास आणि दहा’ म्हणावें. आणि ‘जाऊं द्या, कांहीं नाहीं’ असें म्हणून विषय सोडूं नये. आम्हीं या बाबतींत ज्या वृद्धांशीं बोललों, त्यांस हें वाक्य सर्वांत अधिक लागतें.

कान तपासून घेण्यास उशीर लावूं नये. पुष्कळदां मळाचाच बोळा असतो. तो डॉक्टरांकडून काढवावा, पिनेनें कोरूं नये. पडद्यास भोक असल्यास तेल घालणें अपायकारक होतें, म्हणून न तपासतां घालूं नये. एका कानानें अचानक, एकदोन दिवसांत, ऐकूं येईनासें झालें तर त्याच दिवशीं कानाच्या डॉक्टरांस गांठावें. तेथें आठवड्याचा विलंबही महाग पडतो. नवजात बालकाच्या बाबतींतही तपासणी एक महिन्याच्या आंत, निदान तीन महिन्यांच्या आंत आणि उपाय सहा महिन्यांच्या आंत, असा दंडक वैद्यांनीं घालून दिला आहे. मघाशीं सांगितलेले प्रयोग पाहतां त्याचें कारण निराळें सांगावयास नको. मुंबईस वांद्रे येथें अलि यावर जंग यांच्या नांवाची राष्ट्रीय संस्था १९८३ सालापासून हेंच काम करीत आहे.

श्रवणयंत्राविषयीं एक गैरसमज मात्र काढून टाकिला पाहिजे. तें चष्म्यासारखें नाहीं. चष्मा लावतांक्षणीं अक्षर दिसतें. यंत्र लावल्यावर पहिले कांहीं दिवस पंख्याची घरघर, पावलांचा आवाज, कागदाची सळसळ असें सारें अंगावर येतें. कारण वर्षानुवर्षें न ऐकलेले आवाज मेंदूस पुनः ओळखावे लागतात. ‘यंत्र चांगलें नाहीं’ असें म्हणून तें कपाटांत पडतें तें येथेंच. पहिल्या आठवड्यांत शांत खोलींत, एकाच माणसाशीं बोलतांना दोन-तीन तास लावावें, मग बैठकींत, पंगतींत सर्वांत शेवटीं. यंत्राची मात्रा कमीजास्त करण्यासाठीं तज्ज्ञाकडे दोनचार खेपा घालाव्या लागतात, त्या चुकवूं नयेत. रोज सकाळीं नातवंडानें वर्तमानपत्रांतील एक मजकूर समोर बसून वाचून दाखवावा आणि त्याचीच दुसरी प्रत आजोबांच्या हातांत असावी. डोळ्यांपुढें ‘साठ’ असतां कानांवर जें पडतें, तें ‘साठ’ म्हणून ओळखण्याची संवय अशा वाचनानें लवकर लागते.